लोणंदच्या वर्गात आफ्रिका

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या खाली झाल्या की अडत्यांच्या गाळ्यांपुढे वक्कलांचे ढीग लागतात. लिलाव एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत जातो, मागून खरेदीदारांचा घोळका, आणि शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव दोन-चार शब्दांत ठरतो. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात हाच व्यवहार दात बघून आणि पाठीवर हात फिरवून होतो. पुणे-मिरज लोहमार्गावरचे, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे, खंडाळा तालुक्यातले हे गाव. ‘आपण आणि जग’ हे यंदाच्या अंकाचे सूत्र हाती आल्यावर मी लोणंद निवडले, कारण जगाचा अभ्यास कुठे व्हावा याविषयी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. परदेशांचा अभ्यास मुंबई-दिल्लीच्या विद्यापीठांत व्हावा. तालुक्याच्या महाविद्यालयाने पदव्या द्याव्यात, भरतीची तयारी करून घ्यावी, फार तर स्थानिक इतिहासावर एखादी स्मरणिका काढावी. आफ्रिका आणि जगभर विखुरलेले आफ्रिकी वंशाचे लोक यांचा अभ्यास, ज्याला अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ‘आफ्रिकाना स्टडीज’ म्हणतात, तो तर लोणंदपासून कोसो दूर वाटेल. मला उलटे वाटते. हा विषय लोणंदसारख्या गावातल्या छोट्या महाविद्यालयातच नीट शिकवला जाऊ शकतो, आणि मराठीपुरते बोलायचे तर तो आजवर अशाच ठिकाणी रुजला आहे.

शिवारातून सुरुवात

पहिला पुरावा रानात उभा आहे. चाऱ्यासाठी इथे ‘आफ्रिकन टॉल’ नावाचा मका पेरतात, पण मका मूळचा मेक्सिकोकडचा. अस्सल आफ्रिकी पिके वेगळीच आहेत, आणि त्यांना आपण अस्सल देशी समजतो. ज्वारी माणसाने लागवडीखाली आणली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. बाजरी आली सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातून. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. चवळीही आफ्रिकेतलीच. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ही धान्ये समुद्रमार्गे भारतात पोचली आणि दख्खनच्या कमी पावसाच्या मुलखाने ती अशी आपलीशी केली की आज शाळूची भाकरी ही साताऱ्या-सोलापूरची ओळख होऊन बसली. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून, सैल करून, तापल्या पत्र्यावर पातळ पसरतात आणि त्या ‘किसरा’बरोबर कालवण खातात. खंडाळ्या-फलटणच्या घरात तेच पीठ गरम पाण्यात मळून परातीत थापले जाते. धान्य एक, चुली दोन. कमी पावसात तग धरणारे वाण निवडण्याची अक्कल पहिल्यांदा ज्यांनी दाखवली ते आफ्रिकेतले शेतकरी होते, आणि त्यांचे नाव कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेकडे बघावे: मांसासाठी पोसली जाणारी, दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली बोअर शेळी या भागातल्या पशुपालकांना ओळखीची झाली ती त्या संस्थेमुळे.

ही माहिती गमतीची म्हणून सांगत नाही. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळ, जंगल आणि यादवी येते. ज्ञान येत नाही. आफ्रिकेने जगाला काही दिले, हा विचारच आपल्या शिक्षणात बसत नाही. आफ्रिकाना स्टडीज नावाचा विषय उभा राहिला तो नेमक्या याच अज्ञानाविरुद्ध.

मागून मिळवलेला विषय

अमेरिकेत हा विषय विद्वानांच्या समितीने सुचवला नाही, विद्यार्थ्यांनी संप करून मिळवला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला. कॉर्नेल विद्यापीठात १९६९ च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एक इमारत ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी तिथे आफ्रिकाना अभ्यास केंद्र सुरू झाले. जेम्स टर्नर त्याचे पहिले संचालक. व्हॅसरसारख्या छोट्या, खासगी, निवासी महाविद्यालयातही १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी मुख्य इमारत अडवून हीच मागणी केली. त्यांचा सवाल साधा होता: आम्हाला प्रवेश दिलात, मग अभ्यासक्रमात आम्ही कुठे आहोत?

या छोट्या महाविद्यालयांची रीत समजून घेण्यासारखी आहे. एकूण विद्यार्थी दोन-तीन हजार, वर्गात दहा-पंधरा जण गोल बसलेले. इतिहास, साहित्य, संगीत, अर्थशास्त्र आणि धर्म या सगळ्यांचे प्राध्यापक एकाच विषयाला हात लावतात. विद्यार्थी गुलामांच्या विक्रीचा कागद वाचतो, त्याच आठवड्यात त्या काळातली भजने ऐकतो आणि गावातल्या जुन्या चर्चच्या नोंदी तपासतो. शेवटच्या वर्षी स्वतः शोधलेल्या साधनांवर प्रबंध लिहितो. मार्गदर्शक पुस्तिकेतून पाठ केलेल्या उत्तराला तिथे जागा नाही.

या रीतीचा पाया संपांच्याही बराच आधी घातला गेला होता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात मुक्काम ठोकला आणि दारोदार जाऊन घरभाडे, मजुरी, शिक्षण, आजार, गावाकडून शहरात झालेले स्थलांतर अशी माणसांची माहिती गोळा केली. १८९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ज्या विद्यापीठासाठी हे काम झाले, तिथे त्यांना शिकवण्याची जागा मात्र मिळाली नाही. एक माणूस, एक वॉर्ड, एक प्रश्नावली. या पद्धतीला प्रयोगशाळा लागत नाही, मोठे ग्रंथालयही लागत नाही. लागतो तो अभ्यासक आणि ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसे यांच्यातला विश्वास. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाकडे हीच एक गोष्ट महानगरी विद्यापीठापेक्षा जास्त असते. तिथल्या मुली-मुलांना ज्या वाडी-वस्तीवर जायचे, तिथे त्यांची आत्या किंवा मामी राहत असते.

मराठीतली वाट

आपल्याकडे या अभ्यासाची सुरुवात १८७३ सालची आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झीज सोसली. अमेरिकेत घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. आठ वर्षांत पुण्यातल्या एका मराठी लेखकाने त्या घटनेचा आपल्या समाजाशी सांधा जुळवला. फुल्यांचे घराणे मूळचे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. सावित्रीबाई तर ज्या तालुक्यात लोणंद आहे त्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१. त्याच १८३१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने मुक्त कृष्णवर्णीयांनी लिहायला-वाचायला शिकण्यासाठी एकत्र जमणे बेकायदा ठरवले. नायगावच्या मुलीने पुढे पुण्यात शाळा चालवली तेव्हा तिच्या अंगावर शेण पडले. व्हर्जिनियात शिकवणाऱ्याला दंड आणि शिकणाऱ्याला फटक्यांची भीती होती. ज्ञान कोणाच्या हाती जाऊ द्यायचे नाही, हे सत्ता किती नेमके जाणते, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पुढचा धागा बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये, अमेरिकेतले निग्रो आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे नेत आहेत असे वाचून त्यांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांचे उत्तरही आले. आंबेडकरांनीच १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी मिलिंदमधल्या तरुणांना निग्रो साहित्याची ओळख करून दिली, गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’भोवती लिहिणाऱ्यांची पिढी जमली. दलित साहित्याच्या उभारणीतला हा मोठा टप्पा मुंबई विद्यापीठात घडला नाही. मराठवाड्यातल्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांच्या महाविद्यालयात घडला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेण्याइतकी ओळख आधीच झालेली होती. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, त्यांची अध्यापनाची कर्मभूमी लातूर. मिलिंद ज्या शहरात आहे ते शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवले ते मलिक अंबरने, इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेल्या माणसाने. त्याने आणलेल्या नहरीचे पाणी त्या शहराने कित्येक पिढ्या प्यायले. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यासाचे केंद्र आहे, त्याचे काम मोलाचे आहे. पण ते मुख्यत्वे आफ्रिकेतले देश, त्यांचे राजकारण आणि भारताशी संबंध यांचे. फुले ते वाघमारे ही वाट वेगळी आहे, आणि ती जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतून गेली आहे.

विटांची भट्टी आणि मंगळसूत्र

साताऱ्यापुरता या विषयाचा सर्वांत भरीव भाग मला शिक्षणसंस्थांचा वाटतो. गुलाम म्हणून जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे शाळा सुरू केली. इमारत नव्हती, म्हणून विद्यार्थ्यांनी विटा पाडायच्या ठरवल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसे नव्हते, तेव्हा वॉशिंग्टननी आपले घड्याळ गहाण टाकले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही गेले, हे साताऱ्यात शाळकरी पोरही सांगेल. दोन्हीकडे मुले शिकता शिकता राबली, दोन्हीकडे संस्था गरिबांच्या मुठी-मुठीने उभी राहिली.

पण साम्य सांगून थांबले तर तो अभ्यास होत नाही. टस्कीगीवर डुबॉइस यांनी कडाडून टीका केली होती. कृष्णवर्णीयांना फक्त हातकाम शिकवायचे, मताचा हक्क आणि उच्च शिक्षण यांचा आग्रह मागे ठेवायचा, ही तडजोड त्यांना मान्य नव्हती. हा वाद साताऱ्यात आणून पाहिला की भाऊरावांचे वेगळेपण उठून दिसते. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांनी हातकामाच्या शिक्षणापुरती योजना ठेवली नाही. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून त्याच कष्टाच्या बळावर पदवीचा दरवाजा उघडला. खड्डा खणणाऱ्या मुलाने शेक्सपिअरही वाचायचा. डुबॉइस आणि वॉशिंग्टन यांच्यात जे दोन पक्ष पडले, ते इथे एका संस्थेत नांदले. ते किती यशस्वी झाले, कोणत्या जातींच्या आणि किती मुलींना त्याचा लाभ पोचला, हा प्रबंधाचा विषय आहे, आणि त्याची साधने सातारा जिल्ह्यातल्या वसतिगृहांच्या नोंदवह्यांत आणि वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत आहेत. टस्कीगीवर इंग्रजीत ग्रंथांची रांग आहे. रयतेवर या नजरेने अजून कितीतरी लिहायचे बाकी आहे.

औंधचे अप्पासाहेब

कटगुणप्रमाणे खटाव तालुक्यातलेच औंध. तिथले संस्थानिक भवानराव यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाची सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती सोपवणारी घटना दिली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तिथल्या हिंदी व्यापारी समाजाच्या तक्रारी सोडवाव्यात एवढीच अपेक्षा असती तर त्यांची कारकीर्द सुखाची झाली असती. त्यांनी आफ्रिकी नेत्यांशी उघड मैत्री केली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून झटले, आणि तिथल्या हिंदी लोकांना ते सांगत राहिले की तुमचे भवितव्य आफ्रिकी लोकांबरोबर आहे, गोऱ्या सत्तेच्या सावलीत नाही. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी आली, जोमो केन्याटा अटकेत गेले, आणि ब्रिटिशांना पंत डोळ्यांत खुपू लागले. १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवावे लागले. गावपंचायतीवर विश्वास ठेवणाऱ्या संस्थानात वाढलेला माणूस वसाहतीतल्या शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो, याचा धागा औंधपासून नैरोबीपर्यंत तपासून बघणे हे खटाव-खंडाळ्याच्या विद्यार्थ्याला दिल्लीतल्या संशोधकापेक्षा सोपे जावे.

आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे: जात म्हणजे वंश नव्हे. ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानेच १९४८ मध्ये मोठा ग्रंथ लिहून ही तुलना फेटाळली होती. गुलाम हा कायद्याने मालमत्ता होता, अस्पृश्याला विकत नसत. वर्णभेद कातडीवर दिसतो, जात आडनावात आणि वस्तीत लपते. हे सगळे खरे. आंबेडकरांनीही गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना फरकावरच बोट ठेवले आणि अस्पृश्यता काही बाबतींत अधिक निर्दय ठरवली. दोन गोष्टी एक आहेत असे म्हणण्यासाठी तुलना करायची नसते. शेजारी ठेवल्यावर प्रत्येकीची जी कड दिसते, ती एकेकटी बघताना दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या घरातले प्रश्न सोडून परक्यांची गुलामगिरी कशाला? याचे उत्तर पेशवे दप्तरात आहे. तिथल्या मोडी कागदांत कुणबिणी आणि बटकी पानोपानी भेटतात: विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, किल्ल्यांवर आणि वाड्यांत दळणकांडण, शेणगोठा करणाऱ्या बायका. त्यांच्या किमती नोंदलेल्या आहेत, पळून गेल्या तर शोधाचे हुकूम आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्ये संपली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मोहिमा आहेत, तह आहेत. या बायका नाहीत. अमेरिकी अभ्यासकांनी मळ्यांच्या हिशेबवह्यांतून, लिलावाच्या यादीतल्या एका ओळीतून गुलाम स्त्रीचे आयुष्य कसे उभे केले, हे ज्याने वाचले आहे, त्यालाच मोडी कागदातली ‘कुणबीण एक’ ही नोंद थांबवेल. परक्यांचा अभ्यास आपल्या घरातली झाकलेली खोली उघडायला लावतो, आणि कदाचित म्हणूनच तो नकोसा होतो.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि त्याला हसण्यावारी नेणे मला पटत नाही: याने नोकरी लागेल का? थेट लागणार नाही. कांद्याच्या एका हंगामावर घर चालवणाऱ्या बापाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण आजच्या बी.ए.च्या पदवीनेही ती लागत नाही, आणि मुलगा तीन वर्षे मार्गदर्शक पुस्तिका पाठ करतो. सर्वेक्षण करणे, मुलाखत घेऊन लिहून काढणे, मोडी वाचणे, इंग्रजी मूळ कागद समजून घेणे, ही कौशल्ये पुढच्या कोणत्याही कामात उपयोगी पडणारी आहेत. शिवाय याच भागातली मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुण्यात जातात, जिथे आफ्रिकी विद्यार्थी भाड्याची खोली शोधत हिंडतात आणि नकार ऐकतात. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. ज्यांच्या ज्वारीवर आपण वाढलो त्यांच्याविषयीची ही घृणा अज्ञानातूनच पोसली जाते.

छोट्या महाविद्यालयाला दूरचा विषय झेपेल का, ही शंका उरते. मिनेसोटा राज्यात कार्लटन नावाचे छोटे महाविद्यालय आहे. एलिनॉर झेलियट यांनी तिथे अनेक वर्षे इतिहास शिकवला आणि आयुष्यभर अभ्यास केला तो महाराष्ट्रातल्या आंबेडकरी चळवळीचा. त्या भागातल्या छोट्या महाविद्यालयांची मुले पुण्यात येऊन राहत आणि मराठी शिकत. बर्फाळ मिनेसोटातून महारवाड्याचा इतिहास लिहिता येतो, तर लोणंदहून अलाबामाचा का लिहिता येऊ नये?

दार कुठे आहे

व्यवहाराची अडचण खरी आहे. संलग्न महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम आखता येत नाही. तो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अभ्यास मंडळ ठरवते. वेगळा विभाग, नव्या जागा, अनुदान यांची वाट बघत बसले तर दहा वर्षे जातील. पण नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौकटीत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काचे श्रेयांक आणले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ते कागदावर उरकले जातात. तिथेच शिरायला जागा आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे अचेबे आणि टोनी मॉरिसन आहेत, मराठीच्याकडे फुले आणि दलित कविता, इतिहासाच्याकडे मोडी, भूगोलाच्याकडे ज्वारी-बाजरीचा पट्टा. या चौघांनी एका टेबलाशी बसायचे, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून खंडाळा, फलटण आणि खटाव तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना थेट विनंती करतो. येत्या जूनमध्ये दहा मुलामुलींचा एक गट करा. पहिल्या सत्रात ‘गुलामगिरी’ आणि बुकर वॉशिंग्टनचे आत्मचरित्र शेजारी शेजारी वाचा. दुसऱ्या सत्रात मुलांना नायगाव, कटगुण आणि औंधला न्या, आणि प्रत्येकाला त्याच्या वस्तीवरच्या वीस घरांचे शिक्षण, मजुरी आणि स्थलांतर डुबॉइसच्या पद्धतीने नोंदवायला लावा. त्या नोंदी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यावरून पुढे जाता येईल.